तिसऱ्या हाकेला

लाइट येईल तेव्हा येईल, तोवर बसा गपचूप. अनय, तो मोबाइल खिशात घाल. भुताची गोष्ट हवी ना? मग अंधार लागतोच. आणि ही घडलेली आहे. उजैर याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या माळ्यावर राहायचा, इथल्या रुवी बाजारात स्पेअर पार्टच्या दुकानात कामाला होता. थापा मारायला अक्कल लागते, ती त्या बिचाऱ्याकडे नव्हती.

साल दोन हजार दोन. बकरीदेच्या आधीची जुम्मेरात, म्हणजे गुरुवार. उजैरची दादी, खुदेजा, कोकणातल्या जयगडहून इकडे आखातात व्हिजिटवर आली होती. आल्या आल्या म्हणाली, "मला सूर दाखव." सूर म्हणजे इकडचं जुनं बंदर; आपले कोकणातले लोक शिडाच्या गलबतांतून पहिल्यांदा जिथे उतरले, त्यातलंच एक. उजैरचा आजा जाफर असाच खलाशी होता. एका सफरीत त्याने बायकोला सूरहून चांदीचं कडं आणलं. पुढच्या सफरीत गलबत परत आलं, जाफर नाही आला. कुणी म्हणे तापाने गेला, कुणी म्हणे तिकडेच दुसरा संसार थाटला. उजैरचा बाप तेव्हा रांगत होता.

तेव्हापासून म्हातारी अधांतरी. नवरा मेल्यावर बाई इद्दतीला बसते, चार महिने दहा दिवस घरात राहते. ही बसणार कशी? मेल्याची खबर कुठाय? हातातलं कडंही तसंच. तरणेपणी चढवलेलं, पुढे हात भरला, मग साबण लावूनही निघेना. एकदा मनगट सुजलं म्हणून डॉक्टर कडं कापायला निघाला, तर ही दवाखान्यातून तशीच उठून घरी आली.

तर उजैर, त्याची बायको सफिया, सहा वर्षांची मुनिबा आणि दादी, अशी वरात जुन्या करोला गाडीतून निघाली. दुपारी सूर. खाडीकाठी गलबतं बांधतात, तिथे एक म्हातारा सुतार बसला होता. उजैरने मोडक्यातोडक्या अरबीत विचारलं, हिंदचा एक खलाशी इथे राहिला होता का? म्हाताऱ्याने विचारलं, नाव काय?

दादीने मुनिबाला कोपर मारलं. "सांग गो, पणज्याचं नाव सांग."

"बडी दादी, यू से ना! तूच सांग."

"शीः! नवऱ्याचं नाव घेतात होय गो?"

जन्मात कधी घेतलं नव्हतं. उजैरनेच सांगितलं. सुतार हसला. हिंदचे किती जाफर आले आणि गेले! जे राहिले ते तिथे, म्हणून त्याने कबरस्तानाकडे बोट केलं.

तिथे काय असणार? ओबडधोबड दगड, एकावरही नाव नाही. दादी एका दगडापाशी थांबली, मग दुसऱ्या. "कुठल्या दगडापाशी फातेहा पढू रे, बाबा? मी बायको की बेवा, तेवढं कळलं असतं तर सुखाने मेले असते."

"दादी, सोड ना आता. पन्नास वर्षं झाली," उजैर म्हणाला. बोलला आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.  रात्री ताटातल्या माशाला म्हातारीने बोटही लावलं नाही.

खाडीकाठीच एक खोली घेतली होती. सगळे निजले. मध्यरात्रीनंतर कधीतरी उजैरला गार वारा लागला आणि जाग आली. दार सताड उघडं. दादीचं अंथरूण रिकामं.

तो अनवाणीच धावला. चांद केव्हाच मावळला होता. पाण्याला लागून एक अर्धवट गलबत उभं होतं. फळ्या नाहीत, नुसत्या फासळ्या. त्याच्यासमोर, घोटाभर पाण्यात, दादी.

"जाफर…"

उजैर थांबला. हे नाव… तिच्या तोंडून?

खाडी शांत.

"जाफर…"

काही नाही. पाणीसुद्धा हलेना.

आणि त्याला आठवलं. लहानपणी हीच दादी त्याला दरडावायची, रात्रीच्या हाकेला पटकन ओ देऊ नकोस. तीन हाका येऊ देत. भूत दोनदाच हाक मारतं, तीन हाका मारतं ते माणूस.

दोन झाल्या होत्या.

तिसरीला ओ येण्याआधी तिला थांबवायला हवं होतं. त्याने तोंड उघडलं. त्याआधीच…

"जाफर…"

…

"ओ…"

गलबताच्या पोटातून. आपल्या कोकणातला ओ. तरुण माणसाचा आवाज… उजैरहूनही तरुण.

दादी हसली. अंधारात त्याला ते हसणं ऐकू आलं.

मग कसा गेला, कसं तिला धरलं, त्यालाच ठाऊक नाही. ती मुकाट्याने आली. हात बर्फासारखा. दारापाशी थांबून एवढंच म्हणाली, "केव्हाच आला असता रे… मीच कधी हाक मारली नाही."

उजैरने आतून कडी घातली, दाराला पाठ लावून बसला. डोळा लागला नाही, असं तो कुराणावर हात ठेवून सांगायचा.

पहाटे फजरची अजान झाली. सफिया उठली, दिवा लावला आणि किंचाळली. दादी अंथरुणावर बसलेली. मनगट उघडं. वर्षानुवर्षं ऊन न लागलेला पांढरा पट्टा तेवढा राहिलेला. ओरखडा नाही, सूज नाही.

"पोरी, पांढरी ओढणी दे," दादी शांतपणे म्हणाली. "मला इद्दतीला बसायचंय."

कडं खिडकीत होतं. खिडकीची कडी आतून लावलेली. उजैरने ते उचललं, दिव्याखाली फिरवून फिरवून पाहिलं. सांधा नाही. काप नाही. अखंड.

आतल्या बाजूला रेती चिकटली होती. ओली.