सूज उतरेपर्यंत

घोडेगावच्या स्टँडवरून भीमाशंकरची एसटी नुकतीच गेली होती. प्राची हात चोळत उभी होती, तोच एक मोटरसायकल थांबली.

"शिनोलीला? बसा. पण जरा घाई हाय... आईच्या नव्या गुडघ्याचा व्यायाम घ्यायला मंचरची बाई यायचीय. लई खडूस हाय म्हनं!"

"हो का? मीच ती."

गाडीवरच्या भरतचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

भरतच्या आईचा, साळुबाईंचा, गुडघा पुण्यात बदलून तीन आठवडे झाले होते. तो फुगलेला होता, हाताला गरम लागत होता.

"नवा सांधा म्हणजे अनोळखी पाहुणा, मावशी. शरीर आधी त्याच्या अंगावर धावून जातं, म्हणून ही सूज. बर्फ लावा, रोज वाकवा. शेक मात्र अजिबात नको. सूज उतरली की माझं येणं बंद."

"लगेच?" भरतने विचारलं.

"मग? तुमचाही गुडघा दुखतोय?"

"माझं दुखनं... जरा वर हाय."

प्राची लाजली. मग मंगळवार-शुक्रवारची ती वाटच बघू लागली. परतताना तिला स्टँडवर सोडायला निघालेल्या भरतची गाडी एसटी दिसली की हमखास हळू व्हायची, एसटी चुकावी म्हणून. "एक सांगायचं व्हतं..." म्हणायचा, आणि गप्प बसायचा.

सूज काही उतरेना. गुडघ्यावर भाजल्यासारखे काळपट डाग दिसू लागले. प्राचीने ते पाहिले, पण विचारलं नाही. विचारलं असतं तर सूज उतरली असती, आणि येणं संपलं असतं.

दहाव्या आठवड्यात ती तासभर आधी पोचली. साळुबाई तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी गुडघ्यावर दाबून बसल्या होत्या.

"मावशी! हे काय?"

"सूज गेल्यावर तू कशाला येशील गं? माझ्या पोराच्या तोंडातनं शब्द फुटंना. तवर तुला धरून ठेवली."

प्राचीने पाय वाकवला. सुजेने सांधा आखडला होता, अर्ध्यातच अडला. आता पुन्हा भूल, पुन्हा पुणं, आणि तरी तो वाकेलच असं नाही.

दारात भरत उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"प्राची... मला तुमी हव्यात. जलमभर."

याच वाक्यासाठी ती इतके दिवस झुरली होती.

"मला डाग दिसले होते, भरत. तुमच्यासाठी गप्प राहिले. आता रोज या पायाकडे बघत तुमच्या घरात कशी नांदू?"

तिने पिशवी उचलली. भरतने अडवलं नाही.

ती अंगण ओलांडत होती, तेव्हा पाय ओढत साळुबाई उंबऱ्यापर्यंत आल्या.

"प्राची! सूज हाय गं अजून... शुक्रवारी येशील ना?"