शनिवार वजा बारा

वर्षाली टाइप करत होती आणि समोरचा पडदा खट्कन काळा झाला.

तिनं वर बघितलं. पंखा फिरत होता, म्हणजे लाइट होती. मग तिनं खाली बघितलं. टेबलाखाली एक जण वाकून बसला होता. एका हातात तिच्या कॉम्प्युटरचा प्लग, दुसऱ्या हातात स्वतःच्या लॅपटॉपचा.

"दोनच टक्के राहिलेत," तो खालूनच म्हणाला. "पाच मिनिटं लावतो फक्त."

"ओ साहेब," वर्षाली म्हणाली. इतक्या हळू, की दुकानात फॉर्म भरत बसलेली माणसं पेन थांबवून बघायला लागली. ती ओरडली तर ठीक असतं, हळू बोलली की समजायचं समोरच्याचं काही खरं नाही. "दुसऱ्याच्या नाकातली नळी काढून स्वतःच्या नाकात घालता का तुम्ही?"

तो उठायला गेला आणि टेबलाच्या कडेवर डोकं आपटलं. चांगलं सणसणीत. तिला बरं वाटलं.

"सॉरी... मला वाटलं यूपीएस असेल."

"हाय की. मेलाय तो दिवाळीत."

"सेव्ह केलं नव्हतं?"

झालं. एवढं विचारायला नको होतं त्यानं. दोन तासाचं काम गेलं की माणसाला काहीही विचारा, हे विचारू नका. वर्षालीनं पुढची पाच मिनिटं जे ऐकवलं त्यात त्याची कॉलेजं, त्याचा इस्त्रीचा शर्ट, आणि ज्यानं त्याला दुकानाचा पत्ता दिला तो माणूस, सगळे आले. तो उभाच. कपाळ चोळत. आणि शेवटी काय विचारतो?

"काय लिहीत होता पण?"

आता वर्षाली कोण, ते सांगते. चाकणच्या माणिक चौकातल्या झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात ती कामाला. वय वीस. शाळा दहावीत सोडली. नापास बिपास नाही, सरांनी भर वर्गात सांगितलं, "तुझ्या डोक्यात कांदे भरलेत." ही म्हणाली, "कांद्याला मार्केट तरी हाय, सर." दप्तर उचललं आणि गेली ती गेलीच. पण डोकं रिकामं बसत नाही ना. मोबाइलवर बघून बघून तिनं एक वेबसाइट बनवली. नाव, 'गाडी आली का'.

चाकणला पहाटे कंपन्यांच्या बस सुटतात. कुठली बस कुठवर आली हे कुणालाच कळत नाही, बायामाणसं थांब्यावर ताटकळतात. वर्षालीच्या साइटवर पहिल्या थांब्यावरची बाई चढली की 'आली' दाबायची, पुढच्या थांब्यांना मिनिटं दिसायची. बस एवढंच. दीडशे बाया रोज त्या पानावर बघून चप्पल घालायच्या.

"हे तुम्ही एकटीनं केलंय?" तो म्हणाला. गणराज त्याचं नाव. निगडी प्राधिकरणात राहायचा, घरी बसून वेबसाइटी बनवायचा, एका कंपनीच्या कामाला चाकणला आला होता आणि त्याला चौदा कागद छापायचे होते.

"मग काय, शेजारीण आली व्हती मदतीला?"

"नाही, म्हणजे... बटणं एवढी मोठी का?"

"पहाटे आईला चष्मा सापडत न्हाई."

तो हसला. हसला की त्याचे डोळे मिटायचे, अगदी पूर्ण, लहान पोरासारखे. वर्षालीनं ते बघितलं आणि लगेच प्रिंटरकडं तोंड फिरवलं. प्रिंटर बंद होता, तरी.

चौदा कागद छापून झाले, पण तो काही गेला नाही. गेलेलं सगळं तिच्या शेजारी स्टुलावर बसून परत लिहून काढलं त्यानं. म्हणजे तिनं लिहिलं, त्याला कीबोर्डला हात लावू दिला नाही. गरम कागदाचा वास, बाहेर रिक्षांचा कालवा, आणि हा बाजूला, "इथं एक कंस राहिलाय" म्हणत. जाताना त्यानं तिला एक गोष्ट शिकवली. प्रत्येक बदलाची नोंद ठेवायची. कुणी केला, कधी केला, काय केला. चुकलं तर जुनं परत आणता येतं.

"म्हणजे पोलीसपाटलाची वही," वर्षाली म्हणाली.

"तसंच!" आणि परत डोळे मिटले.

मग तो मंगळवारी आला. गुरुवारी आला. निगडीत काय झेरॉक्सची दुकानं जळाली होती का? विचारलं तर म्हणे, "इथला प्रिंटर चांगला आहे." त्या प्रिंटरमधून प्रत्येक पानावर काळी रेघ यायची.

तिनं त्याला साइटचा पासवर्ड दिला, आणि तो घरी बसून बारीकसारीक दुरुस्त्या करायला लागला. कोडमध्ये मधेमधे आपल्यासाठी टिपा लिहायची सोय असते. पानावर त्या दिसत नाहीत. त्यानं एक दिवस तिथं लिहून ठेवलं, 'हा लाल रंग फार भडक नाही का? – ग.' तिनं खाली लिहिलं, 'माझ्या रागाचा हाय. सवय कर. – व.' दुसऱ्या दिवशी त्याखाली, 'होतेय. – ग.'

त्या एका शब्दापायी वर्षालीनं एका माणसाच्या आधारकार्डाच्या बावीस झेरॉक्स काढल्या. त्याला दोन हव्या होत्या.

साइटवर 'उशिराचं कारण' असा एक रकाना होता. कस्तुराला, म्हणजे वर्षालीच्या आईला, टाइप करता यायचं नाही. गणराजनं तिथं माइकचं बटण लावून दिलं. दाबा आणि बोला, अक्षरं आपोआप उमटणार. कस्तुरा दिवसभर त्यात बोलत बसली. "पोरगा गुणाचा हाय," एवढं बोलली आणि ते छापून आलं. वर्षालीनं तिच्या हातातून फोन ओढला.

इथवर सगळं बरं चाललं होतं. मग तो शनिवार आला.

कस्तुरा सुट्या भागांच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडं होती. त्या ठेकेदाराचा नियम, महिन्यात तीन खाडे झाले की पंधरा दिवस घरी. तापामुळं दोन आधीच झाले होते. आता एकही बस चुकवून चालणार नव्हतं, आणि ते घरात सगळ्यांना माहीत होतं. मेदनकरवाडीचा थांबा पहिलाच, तिथं साइट नुसती ठरलेली वेळ दाखवायची, सहा-दहा. साइट बघून कस्तुरा पाच मिनिटं आधी पोचली. सोबत आणखी अकरा बाया.

बस गेली होती. केव्हाच.

वर्षालीनं कोड उघडला. तिची एक ओळ होती त्यात. शनिवार असेल तर वेळेतून बारा मिनिटं वजा. ती ओळ गायब. त्या जागी टीप, शुक्रवार संध्याकाळची, 'ही ओळ कशाला होती कळलं नाही, चुकून राहिली असेल. काढली. आता कसं स्वच्छ वाटतंय! – ग.'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन लावला. त्यानं झोपेतच उचलला.

"शनिवारी काय असतं चाकणला?"

"अं? वर्षाली? शनिवारी... सुट्टी?"

"निगडीत शनिवार म्हंजे सुट्टी! चाकणला शनिवार म्हंजे कांदा! पहाटेपासनं मार्केटला ट्रक लागत्यात, चौक तुंबतो. म्हणून सोपानराव डायव्हर बारा मिनिटं आधी गाडी काढतो. शेंबड्या पोराला ठावं हाय हे!"

"पण तू त्या ओळीवर काही लिहिलं नव्हतंस..."

"चाकणमध्ये शनिवार लिहून ठेवायचा व्हय?"

तो हळू म्हणाला, "मी आत्ता परत आणतो ती ओळ. एका मिनिटात."

"ओळ मी आणीन. तू माझ्या आईचे पंधरा दिवस आण."

फोन कट. ओळ तिनं स्वतः परत आणली, त्यानंच शिकवलेल्या वहीतनं. पासवर्ड बदलला. रविवारी परत बदलला, राग उरला होता म्हणून. तो दुकानात आला तेव्हा ती म्हणाली, "प्रिंटर बिघडलाय." प्रिंटर तिच्यामागं खडखडा कागद ओकत होता. तो पायरीवर जरा वेळ थांबला, आणि गेला.

बाया तिला काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. शिव्या दिल्या असत्या तर उलट्या तरी देता आल्या असत्या. कस्तुरा घरी बसून गोधड्यांना टाके घालायची आणि म्हणायची, "मुद्दाम केलं का त्यानं?"

"मुद्दाम न्हाई केलं म्हणून तर जास्त राग येतोय!" वर्षाली म्हणायची. आणि कोड उघडून ती 'होतेय. – ग.' वाली टीप पुसायला जायची. आणि पुसायची नाही. त्याचाही राग यायचा.

पंधराचे पंधरा दिवस भरले. कस्तुरा कामावर गेली, आणि संध्याकाळी डबा ठेवायच्या आत विचारलं, "वर्षे, जावई कोण गं?"

"काय?"

"ठेकेदार म्हणला, तुमचा जावई येऊन गेला. 'माझी चूक हाय, बाईंना घरी बसवू नका' म्हणून भांडत व्हता. ठेकेदारानं विचारलं, तू कोण रं, जावई का? तर म्हणला..." कस्तुरानं पदर तोंडाला लावला. "म्हणला, अजून न्हाई."

वर्षालीच्या हातातला पेला खाली.

"आन थांब्यावरच्या बाया सांगत्यात, दर शनिवारी येतो. वही घिऊन उभा असतो. काय लिहितो देव जाणे."

शनिवारी वर्षाली आईच्याही आधी थांब्यावर. अंधारात थंडी मी म्हणत होती. तो होताच तिथं. स्कूटरला टेकून, कानटोपी घालून, हातात वही. बायांचा घोळका त्याच्याभोवती.

"बाप्पा, आज मोदक न्हाई आणलं?" एकजण म्हणाली.

"बाप्पाचं विसर्जन करायला आली बघ," दुसरी म्हणाली, वर्षालीकडं बघून.

"अजून न्हाई म्हंजे काय?" वर्षाली सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी. "अजून न्हाई म्हंजे? मला विचारलं व्हतं?"

"नाही," गणराज म्हणाला. "मी विचारत नाही, हाच तर माझा प्रॉब्लेम आहे. म्हणून आता विचारायला आलोय. पण आधी दुसरं." त्यानं वही पुढं केली. बोटं गारठून निळी पडली होती. "तुझी ओळ चुकतेय, वर्षाली."

"काय म्हणलास?"

"ऐक ना... मागचे दोन शनिवार वेळ लिहिली मी. सोपानराव आता चौकातून जातच नाहीत, मागच्या नव्या रस्त्यानं जातात. पाचच मिनिटं आधी येतात. तुझ्या बारामुळं ह्या सगळ्या सात मिनिटं थंडीत उभ्या राहतात."

"राहतो बया," घोळक्यातून आवाज आला. "बोलायचं कुणी हिला?"

वर्षालीनं वही ओढून घेतली. तारीख, वेळ, समोर सोपानरावांनी सांगितलेलं कारण. सगळं वळणदार अक्षरात. तिला रागवायला जागा शोधायची होती, आणि त्या मेल्यानं जागाच ठेवली नव्हती.

"मग बदललं का न्हाई?"

"पासवर्ड नाही."

"असता तर?"

"तरी नसतं बदललं. तुझी ओळ आहे. बदलायची का?"

काय होतं बघा, एखाद्यानं नुसतं विचारलं की. वर्षालीचा पंधरा दिवसांचा राग कुठल्या कुठं गेला, आणि त्याचा तिला इतका राग आला, इतका, की ती ओरडलीच.

"मी बदलीन! तू वरती कारण लिही, शनिवार म्हंजे काय ते, निगडीच्या माणसाला कळंल असं! आन दर शनिवारी काय येतोस रे? शनिवारीच का? बाकीचे सहा दिवस मी काय करायचं? तू आला की डोकं फिरतं, न्हाई आला की जास्त फिरतं! हे कोण दुरुस्त करणार?"

तिनं जीभ चावली, पण आता काय उपयोग.

गणराजनं कानटोपी काढली. का काढली, त्याला तरी माहीत असेल का. "रोज येईन," तो म्हणाला. "चालेल?"

"...प्रिंटर चालू हाय," वर्षाली जमिनीकडं बघत म्हणाली.

आणि त्याचे डोळे मिटले, पूर्ण. तिनं या वेळी तोंड फिरवलं नाही. गारठलेली बोटं तिच्या हातात आली, कशी ते कुणी बघितलं नाही. म्हणजे बारा बायांनी बघितलं.

मागून हॉर्न वाजला, लांबलचक. बस कधीची येऊन उभी होती. दार उघडं, आणि चढलं कुणीच नव्हतं.

"ओ मंडळी!" सोपानराव खिडकीतून ओरडले. "लगीन लागलं असंल तर चढा!"

बाया हसत, ढकलत चढल्या. कस्तुरा सगळ्यात शेवटी. बस गेली, धूर उरला. दोघं तशीच उभी. मग दोघांचे फोन एकदमच वाजले. साइटवर नवी नोंद आली होती, पुढच्या सगळ्या थांब्यांना दिसणारी.

मेदनकरवाडी. चार मिनिटं उशीर. कारण: जावई.

"आई!" वर्षाली गेलेल्या बसच्या दिशेनं किंचाळली. "दीडशे बाया वाचतील हे! मेले मी..."

"काढू का ती ओळ?" गणराजनं विचारलं. नीट, सभ्यपणे, मोबाइलपासून हात लांब ठेवून.

तिनं त्याच्याकडं असं बघितलं, की प्लग उपसला त्या दिवशीसुद्धा बघितलं नसेल.

"खबरदार हात लावलास तर."