शुक्रवारचे पाणी

दुसऱ्याचे पत्र वाचू नये, हे सुबोधला मान्य होते. वेळापत्रक मात्र पत्र नव्हे. ते वाचले जावे म्हणूनच लिहिलेले असते, असा त्याचा युक्तिवाद होता – आणि सोलापुरातल्या सात रस्ता चौकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात, एप्रिल महिन्यातल्या भर दुपारी, ज्या मुलीपुढे त्याने तो मांडला, तिला तो मुळीच मान्य नव्हता.

घडले ते एवढेच. यंत्राच्या काचेवर आधीच्या गिऱ्हाइकाचा एक कागद राहून गेला होता. 'सोमवार, सायंकाळ – सोलापूर सोडणे' अशी पहिली ओळ. सुबोधने ती वाचली, मग दुसरी वाचली. आणि शेवटच्या ओळीपाशी पोहोचेपर्यंत खिशातले लाल पेन त्याच्या हातात आले होते व कागदावर तीन खुणा उमटल्या होत्या. तेवढ्यात कागदाची मालकीण परत आली.

"तो माझा कागद आहे."

"हो. आणि चुकलेला आहे."

"साहेब, भांडू नका की," दुकानदार निंगप्पा मध्ये पडला. "बाई शाळेचे पेपर दर वर्षी हितंच छापत्यात."

ती मुलगी सुबोधकडे पाहत राहिली. रागाने, हे खरे. पण रागामागे कुतूहलाची एक रेघ होती, आणि ती लपवणे तिला साधले नाही. "तुम्ही ट्रॅव्हल एजंट आहात?"

"नाही. रेल्वेत सेक्शन कंट्रोलर. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत, एवढंच माझं काम."

"मग माझ्या मार्गावर का आलात?"

निंगप्पा हसला. सुबोध हसला नाही. प्रश्न योग्य आहे असे त्याला वाटले. उत्तरादाखल त्याने कागद तिच्यापुढे धरला. "हे पाहा. गाडी मुंबईला वेळेवर पोचेल, विमान वेळेवर उडेल, बँकॉकच्या विमानतळावर रांग नसेल – हे सगळं तुम्ही गृहीत धरलंय. मंगळवारी सायंकाळी पाचला उतरणार, बुधवारी मध्यरात्री परत विमानात. एकूण एकतीस तास. त्यातले सात झोपेचे. साधी मालगाडी आखतानासुद्धा आम्ही थोडा मोकळा वेळ ठेवतो हो! तुम्ही बँकॉकला चालला नाहीत. बँकॉकला शिवून परत यायला चालला आहात."

"शुक्रवारी पहाटे चार चाळीसला मला सोलापुरात असायलाच हवं."

"का?"

"शुक्रवारी पाणी येतं."

सुबोधला काही उमजेना. तो कुर्डुवाडीच्या रेल्वे कॉलनीत वाढला होता आणि इथेही रेल्वेच्याच क्वार्टरमध्ये राहत होता. कॉलनीला स्वतःची विहीर होती.

"तुमच्याकडे रोज येतं?" तिने विचारले.

"सकाळ-संध्याकाळ."

"मग तुम्हाला बँकॉक कशाला हवं," ती म्हणाली, आणि कागद घेऊन उन्हात निघून गेली.

तिचे नाव दुर्गा. वय अठ्ठावीस, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवीत असे. नदी मुखापाशी कशी फाटते, गाळाची जमीन कशी घडते, हे सहा वर्षे फळ्यावर काढून दाखवल्यानंतर एके दिवशी तिला असे वाटले, की आपण ज्याविषयी इतक्या ठामपणे बोलतो त्यातले आपण काहीच पाहिलेले नाही. बँकॉकचे नकाशे ती मग रात्रंदिवस उलगडू लागली. गल्ल्यांऐवजी कालवे असलेली वस्ती. ज्यांच्या उंबऱ्याखालून पाणी वाहते अशी घरे. आणि एक प्रश्न तिच्या मनात रुतून बसला: ज्यांच्या दारातच पाणी आहे, ती माणसे घरात पाणी साठवीत असतील का? पुस्तकांत याचे उत्तर नव्हते. ते पाहायलाच जायला हवे होते. आणि एकटीने, म्हणजे आपल्या डोळ्यांवर दुसऱ्या कोणाची सावली पडणार नाही.

शिक्षकांच्या खोलीत ही बातमी पसरली तेव्हा कोणी खोकले, कोणी भुवया उंचावल्या. "बँकॉकला? एकटी?" गल्लीतले पाच व्यापारी 'अभ्यासदौऱ्या'साठी तिथे जाऊन आले होते, तेव्हा मात्र कोणी खोकले नव्हते. दुर्गाने हे बोलून दाखवले. खोकला थांबला.

खरी अडचण लोकांची नव्हतीच. वडील गेल्यापासून घरात दोघीच. आईचा उजवा खांदा निकामी. पाणी तीन दिवसांआड, पहाटे पाचला यायचे, तासाभरात जायचे. त्या तासात हौद, पिंप, घागरी भरून मोटार लावून वरची टाकी भरायची. शेजाऱ्याला सांगण्याची सोय नव्हती, कारण त्या तासाला सारी गल्ली आपापल्या नळाशी असे. त्या तासाला शेजारी हा शेजारी नसतो. म्हणून दुर्गाचे आयुष्यातले सगळे प्रवास – मावशीचे लग्न, बी.एड.ची सहल, सगळे – दोन पाण्यांच्या मध्ये बसवलेले. बँकॉकही तिने तसेच बसवले होते, आणि यात काही विपरीत आहे हे एका परक्या माणसाच्या लाल पेनाने दाखवेपर्यंत तिच्या लक्षातही आले नव्हते.

घरी जाऊन तिने तिन्ही खुणा तपासल्या. तिन्ही बरोबर होत्या. याचाच तिला अधिक राग आला… आणि रविवारी तिने निंगप्पाकडून त्या गृहस्थाचा नंबर मिळवला.

'दुसरी खूण समजली नाही,' तिने लिहिले.

ती समजली होती, हे दोघांनाही ठाऊक होते.

त्या सायंकाळी दोघे रसवंतीच्या बाकावर समोरासमोर बसले. चरकाची घुंगरे वाजत होती. सुबोधने एक मोठा कागद पसरला: आडवे तास, उभी ठिकाणे, आणि त्यांतून तिरकी जाणारी एक निळी रेघ.

"ही तुम्ही."

"इतकी बारीक?"

"पेन बारीक आहे," तो गंभीरपणे म्हणाला. आणि ती हसली तेव्हा आपण विनोद केला हे त्याला कळले.

"या आडव्या ओळी कसल्या?"

"स्थानकं. हे विमानतळ, ही नदी, हा फुलांचा बाजार. तुमची रेघ सरळ चढतेच आहे; कुठे टेकतच नाही. एखादी गोष्ट आवडली तर तिच्यापाशी थांबणार कधी?"

"तुम्ही कधी थांबलात, आवडली म्हणून?"

"मी…" त्याने रसाचा पेला उगाच फिरवला. "मी गाड्या थांबवतो. स्वतः थांबायची सवय नाही. आज… हा तिसरा पेला आहे."

घुंगरे थांबली तरी दोघे उठले नाहीत.

असे तीन रविवार गेले. तो तिला विचारी, तिथली होडी कोणत्या धक्क्यावर लागते. ती त्याला विचारी, दोन गाड्यांपैकी कोणाला थांबवायचे हे तो कसे ठरवतो. तो म्हणे, ज्या गाडीला पुढे जाणे अधिक गरजेचे आहे, तिला वाट द्यायची. प्रत्येक मुद्द्यावर त्यांचा वाद होई आणि प्रत्येक वाद पुढच्या रविवारवर जाई. पाण्याचे मात्र उत्तर सापडत नव्हते, आणि तिकीट काढले जात नव्हते.

चौथ्या रविवारी सुबोधने चूक केली.

कागदावर निळ्या रेघेशेजारी एक हिरवी रेघ होती. मुंबईपासून बँकॉकपर्यंत ती निळीला बिलगून चालली होती.

"मलाही रजा मिळेल," तो म्हणाला. "म्हणजे… तुमची हरकत नसेल तर. होड्या, धक्के, सगळं मी पाहीन. तुम्हाला काही त्रासच –"

दुर्गाने पेला खाली ठेवला.

"सुबोध, शाळेत माझ्याबरोबर पस्तीस मुली असतात. घरी आई असते. पाणी भरताना सारी गल्ली असते. एखादी गोष्ट मी पहिल्यांदा बघतेय आणि 'ते बघ, तिकडे बघ' असं कोणी म्हणत नाहीये, असं माझ्या आयुष्यात एकदाही झालं नाही. तुम्ही चांगले आहात. म्हणून तर जास्त भीती वाटते. तुम्ही आलात तर मी तुमच्याकडेच बघत बसेन."

हे शेवटचे वाक्य तिला बोलायचे नव्हते. ते बोलले गेले, आणि ती उठून गेली.

दहा दिवस सुबोधचा निरोप नाही. फोन हातात घेऊन ठेवून देताना दुर्गाला वाटले, आपण एकाच वाक्यात प्रवास वाचवला आणि माणूस गमावला. आणि प्रवास तरी कुठे वाचला होता? तो अजून एकतीस तासांचाच होता.

अकराव्या दिवशी पाण्याचा वार होता. पहाटे पावणेपाचला, केस वर बांधलेले, हातात रबरी नळी, अशा अवतारात तिने दार उघडले. आणि समोर सुबोध उभा होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. हातात रिकामी बादली.

"शिकायला आलोय," तो म्हणाला.

"काय?"

"तुम्ही सोमवारी निघून पुढच्या मंगळवारी पहाटे परत आलात, तर मध्ये एकच शुक्रवार येतो. एका शुक्रवारचा प्रश्न आहे. शुक्रवारी माझी दुपारची ड्यूटी असते. मी… तिकडे येत नाही. इथे राहतो. चालेल का, तेवढं सांगा."

ती उत्तर देणार तोच आतून आईचा आवाज आला. "कोण हाय गं? दार लाव, पाणी यायची येळ झाली!"

"काकू, मी पाणी भरायला शिकायला आलोय."

आई बाहेर आली. मोहोळच्या दवाखान्यात तीस वर्षे परिचारिका म्हणून काम केलेल्या त्या बाईने त्याला नखशिखान्त न्याहाळले; ताप किती आहे हे पाहिल्याशिवाय ती बोलत नसे.

"रेल्वेचा ना तू? तुमच्यात रोज पाणी येतंय म्हणं."

"हो."

"मग तुला काय कळतंय! बादली कसली आणलीस? घागर घे. आधी पिण्याचं, मग देवाचं, मग हौद. मोटार नंतर. पहिली दोन मिनिटं सोडून द्यायची, गढूळ येतंय. समजलं का?"

"काकू, मोटार नंतर का? आधी लावली तर वेळ वाचेल."

"आन् शेजारणीचा नळ कोरडा पडंल त्याचं काय? वाद घालायला आलास का पाणी भरायला?"

तेवढ्यात नळ खाकरला. पुढचा तासभर दुर्गा पायरीवर नुसती बसून होती. पाण्याच्या दिवशी बसून राहण्याची ही तिची पहिलीच वेळ. हा माणूस दोनदा घसरला, एकदा घागर उलटी धरली, तीन वेळा आईशी वाद घालून तिन्ही वेळा हरला. शेवटी ओलाचिंब होऊन तिच्यापुढे उभा राहिला.

"हिरवी रेघ?" तिने हळूच विचारले.

"खोडली."

"खोडायच्या आधी विचारायला हवं होतं मला…"

"काय?"

"काही नाही," ती म्हणाली. तिचे डोळे मात्र काही वेगळेच सांगत होते. त्याच दुपारी तिने तिकीट काढले.

बँकॉकमध्ये ती कालव्याकाठच्या एका लाकडी घरात उतरली. होड्या चुकल्या, पुन्हा सापडल्या. फुलांच्या बाजारात झेंडूच्या ढिगापुढे ती अर्धा तास उभी राहिली, आणि कोणी तिला 'चल' म्हणाले नाही. तीन दिवस तिने सुबोधला एकही फोन केला नाही. करायचा नाही, असे ठरवूनच आली होती.

शुक्रवारी साडेसहाला तिला आपोआप जाग आली. तिथले साडेसहा म्हणजे घरचे पाच. ती धक्क्यावर आली. पलीकडच्या घराच्या ओट्यावर पुरुषभर उंचीचा एक रांजण होता. एका म्हातारीने त्यावरचे लाकडी झाकण सरकवले आणि आतले पावसाचे पाणी काढले. दुर्गा पाहतच राहिली. घरमालकिणीच्या फोनवरच्या भाषांतराच्या मदतीने तिने विचारले, दारात एवढे पाणी असून साठवता कशाला? उत्तर मिळाले: दारातले निघून जाते.

मग तिने फोन लावला.

"हॅलो – थांबा, घागर लागलीय," पलीकडून धापा टाकणारा आवाज आला. मागून आई गरजत होती: "सांग तिला! देवाचं आधी भरलं यानं, पिण्याचं मागनं!"

"साठवतात," दुर्गा म्हणाली. "सुबोध, तीही माणसं साठवतात. सगळं पाहिलं मी. एकटीनं पाहिलं. फार… फार छान वाटलं. ते सगळं माझं आहे."

"असायलाच हवं."

"आणि प्रत्येक वेळी वाटलं, हे तुम्हाला सांगायचंय. पाचही दिवस."

"मंगळवार संध्याकाळ ते शुक्रवार सकाळ," तो म्हणाला, "म्हणजे तीनसुद्धा पूर्ण…" आणि मग, बहुधा जन्मात प्रथमच, त्याने मुद्दा अर्ध्यावर सोडला. "काय म्हणालात?"

"ऐकू आलंय तुम्हाला."

"आलंय. पुन्हा ऐकायचंय."

दुर्गाने ओठ दाबून धरले. समोरून एक होडी गेली आणि तिच्या लाटा धक्क्याखाली येऊन विसावल्या.

"मंगळवारी पहाटे येते," ती म्हणाली. "ते पाणी दोघं मिळून भरू."

"आणि त्यापुढचं?"

"त्यापुढचंही. जोवर येईल तोवर."

पलीकडे पाणी सांडू लागल्याचा आवाज. मग आईची आरोळी: "अरे, घागर भरून वाहायलीय! हात हालव की! लक्ष कुटंय तुजं?"

आणि सुबोध, ज्याने आजवर एकही गाडी एक मिनिटही उगाच थांबवली नव्हती, शांतपणे म्हणाला:

"वाहू द्या, काकू. जरा वाहू द्या."

सोलापुरात, मे महिन्यात, पाण्याच्या दिवशी हे वाक्य त्यापूर्वी कोणी उच्चारले असेल, असे दुर्गाला वाटले नाही. आईलाही वाटले नसावे; कारण नळ बंद झाल्याचा आवाज आला, आणि मग आई फोनजवळ येऊन एवढेच म्हणाली –

"बाई गं… हे लई पुढं गेलेलं दिसतंय."