एक गुण कमी

डोळ्यांच्या दवाखान्यात तिने बाकावर पर्स ठेवली आणि एक माणूस येऊन नेमका त्या पर्सवर बसला.

'उठा,' ती म्हणाली.

'का?'

'माझ्या पर्सवर बसलाय तुम्ही.'

तो घाईने उठला, चाचपडत पर्स शोधली आणि मोठ्या अदबीने शेजारच्या खांबाला देऊ केली. तिला हसू आलं. तिचीही अवस्था फार वेगळी नव्हती. दोघांच्याही डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले होते, आणि ते उतरेपर्यंत समोरचं जग म्हणजे नुसतं धुकं होतं. त्या धुक्यात तो एक निळसर डाग होता. आवाज मात्र स्पष्ट होता, जरा खालच्या पट्टीतला, एक शब्द नीट ठेवून मगच दुसरा उचलणारा.

डोळ्यांना काय झालं, असं त्याने विचारलं. काही नाही, ती म्हणाली, ऑफिस दरवर्षी पाठवतं. डोळ्यांवरच पोट आहे. ती जुनी नाणी तपासते. त्यातही अमेरिकेचे चांदीचे डॉलर.

निळसर डाग तिच्याकडे वळला. मग म्हणाला, 'तपासता… म्हणजे नेमकं काय करता?'

घरी हा प्रश्न कोणी विचारत नसे. प्रत्येक गोष्टीत खोट काढायच्या तिच्या स्वभावापायी दादाने लहानपणीच तिचं नाव 'खुसपट' ठेवलं होतं आणि वहिनीनेही ते आनंदाने चालवायला घेतलं होतं. त्यामुळे इथे श्रोता मिळाल्यावर ती थांबली नाही. नाणी हौशी संग्राहकांकडून येतात, तिने सांगितलं, आणि त्यांना सत्तरपैकी गुण द्यायचे असतात. साठाच्या वर फक्त न वापरलेली नाणी. तिथे एकेका गुणासाठी माणसं जीव टाकतात. डॉलरवर एका बाईचा चेहरा असतो आणि तिचा गाल चांगला रुंद, उघडा. ही नाणी पोत्यांत एकमेकांवर आदळत राहिलेली, त्यामुळे सगळा मार त्या गालावर. सकाळी ती नाणी बघते, दुपारी दुसरा परीक्षक. एकमेकांचं मत कानावर पडू नये म्हणून दोघांनी भेटायचंसुद्धा नाही. मत जुळलं नाही तर संध्याकाळी मोठे साहेब स्वतः नाणं बघून निकाल देतात.

'आणि तुमचंच नाणं समोर आलं तर?'

'परत ट्रेमध्ये. आपलं किंवा आपल्या माणसाचं नाणं आपण तपासायचं नाही. जिथे जीव अडकलाय तिथे नजर धड राहत नाही.'

इथवर सगळं ठीक होतं. पण त्याने त्या दुसऱ्या परीक्षकाबद्दल विचारलं आणि तिचा तोल गेला.

ऑफिसात त्याला नुसतं 'दोन नंबर' म्हणतात, ती म्हणाली, महिन्यापूर्वी आलाय. तिने चौसष्ट दिले की हा त्रेसष्ट देतो. तिने त्रेसष्ट दिले की बासष्ट. 'माझ्या मागे एक वजाबाकीचं यंत्र बसवलंय. आणि साहेब दर वेळी त्याचंच खरं धरतात. पुढच्या महिन्यात साहेब निवृत्त होतायत. ज्याची नजर खरी ठरेल त्याला ती खुर्ची मिळणार. इतकी वर्षं मी तिथे घासलीयत, आणि हा कालचा माणूस ओरखडे मोजून माझी खुर्ची घेऊन जाणार.'

'कदाचित… त्याला खरंच ओरखडे दिसत असतील.'

'दिसणारच. गाल बघायला बसतो, बाई बघतच नाही.'

तो बाकावर जरा सरकला. मग हळूच म्हणाला, 'तुम्ही आधी काय बघता?'

का कोण जाणे, तिचा आवाज उतरला. नाणं दिव्याखाली जरासं कलतं करायचं, ती म्हणाली. उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा गरकन फिरतो. तो फिरला की नाणं जिवंत आहे असं समजायचं… ओरखडे त्यानंतर.

'मला तुम्हाला एक सांगायचंय—' तो म्हणाला, आणि तेवढ्यात आतून नर्सने हाक मारली. 'नाण्यांच्या ऑफिसातले दोघं होते ना? कोण येतंय आधी?'

दोघं?

ती निळसर डागाकडे वळली.

'तुम्ही—'

'दोन नंबर,' निळसर डाग म्हणाला. 'वजाबाकीचं यंत्र.'

ती ताडकन उठली आणि तरातरा औषधांच्या कपाटाकडे चालू लागली.

'दार डावीकडे आहे,' मागून आवाज आला.

'दिसतंय मला.'

दिसत काहीच नव्हतं.

घरी येऊन तिने सगळ्यांना सांगितलं की असा लबाड माणूस जन्मात पाहिला नाही. वहिनीने विचारलं, दिसायला कसा आहे? ती म्हणाली, निळसर. वहिनीने दादाकडे बघितलं, दादाने छताकडे. आईने एवढंच विचारलं की लबाडी नेमकी काय केली, आणि तिने बोटं मोजायला घेतली. स्वतःला ठाऊक असलेले नियम त्याने तिच्याकडून वदवून घेतले, ही एक लबाडी. पण खरा संताप वेगळाच होता. गेल्या कित्येक वर्षांत तिच्या कामाबद्दल इतके चांगले प्रश्न कोणी विचारले नव्हते… आणि ते विचारले कोणी, तर त्याने!

पुढच्या आठवड्यात वजाबाकी तशीच चालू राहिली. मग एक डॉलर आला. कडेला जुन्या चांदीची तांबूस झाक होती, आणि दिव्याखाली कलता केला तेव्हा उजेड असा फिरला की तिने श्वास रोखला. सहासष्ट. इतके गुण ती क्वचित देई. दुसऱ्या दिवशी निकाल आला. दोन नंबरने पासष्ट दिले होते आणि साहेबांनीही पासष्टच कायम केले होते.

दुपारची वेळ झाली तरी ती घरी गेली नाही. न भेटायचा नियम गेला खड्ड्यात, म्हणत तिने तो डॉलर तिजोरीतून मागून घेतला आणि त्याच्या खोलीचं दार ढकललं.

तो चटकन उभा राहिला. निळसर डागाचा आता माणूस झाला होता. उंच, कान जरा बाहेर आलेले, केस दिव्याच्या उष्णतेने कपाळाला चिकटलेले. चेहऱ्यावर लबाडी शोधली, सापडली नाही. त्याचाही तिला राग आला.

'ओरखडा दाखवा,' तिने नाणं पुढे धरलं.

त्याने स्वतःची खुर्ची तिला दिली. तिने नाणं कडेने धरलं, दिव्याखाली नेलं, भिंग डोळ्याला लावलं. बाईच्या गालावर केसासारख्या बारीक रेषा होत्या. एक नाही, कितीतरी. तिने नाणं कलतं केलं. उजेड फिरला नाही. नाणं मेल्यासारखं पांढरंफटक पडून राहिलं.

आपलं चुकलं? दर वेळी? मग तिने नाण्यावरची नजर काढून वर नेली.

'हा बल्ब कोणी लावला?'

'मी. आलो त्याच आठवड्यात आधीचा गेला. स्टोअरमधून हा दिला, मी लावला. का?'

'दोन्ही खोल्यांत साधा पिवळा बल्ब लावायचा असतो. सारखाच. हा काय लावलाय, पांढरा भडक? याच्याखाली तान्ह्या बाळाच्या गालावरही सुरकुत्या दिसतील.'

तिने त्याला सकाळच्या खोलीत नेलं, तिच्या दिव्याखाली तेच नाणं त्याच्या हातात दिलं. त्याने ते कलतं केलं. उजेड गरकन फिरला. तो इतका वेळ बघत राहिला की तिला खाकरावं लागलं.

'हे… मी कधी बघितलंच नाही,' तो म्हणाला.

'आणि साहेब? ते कुठे बसून निकाल देतात?'

त्याचा चेहरा उतरला. 'माझ्याच खुर्चीत. माझी वेळ संपताना येतात.'

म्हणजे महिनाभर तिच्या नजरेचा निवाडा एका चुकीच्या बल्बने केला होता. तिच्या कानशिलांतून जाळ निघाला. आत्ताच साहेबांकडे जाते, ती म्हणाली. मी जातो, चूक माझी आहे, तो म्हणाला. तुमची मेहेरबानी नकोय, असं म्हणून ती तडक गेली, पण साहेब बाहेर गेले होते आणि तिला दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघावी लागली.

दुसऱ्या दिवशी ती आत शिरली तेव्हा साहेबांना सगळं माहीत होतं. दोन नंबर त्यांच्या घरी जाऊन आला होता. वादातली सगळी नाणी पुन्हा बघा, असं सांगून त्याने खुर्चीसाठीचं स्वतःचं नावही मागे घेतलं होतं. तिने रात्रभर मनात घोळवलेलं भाषण तसंच राहिलं. तरी एक वाक्य तिने सोडलं नाही.

'साहेब, एवढी नाणी बघितलीत, आणि दिवा नाही बघितला?'

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. 'हल्ली मला तोच उजेड बरा वाटायचा,' ते हळूच म्हणाले. 'म्हणून तर निघतोय.'

उरलेला सगळा राग घेऊन ती दुपारच्या खोलीत गेली. तो स्टुलावर चढून बल्ब बदलत होता.

'नाव मागे का घेतलं?'

'दिवा न तपासता नाणी तपासली. अशा माणसाने त्या खुर्चीत बसू नये.'

'ते तुम्ही कोण ठरवणार? मला आयती खुर्ची नकोय. मी साहेबांना सांगितलंय, तुमचं नाव पुन्हा यादीत घाला म्हणून.'

तो स्टुलावरून खाली बघत राहिला. 'तुम्ही चिडता तेव्हाही शब्द नीट मोजून टाकता,' तो म्हणाला.

'विषय बदलू नका.'

साहेबांनी दोघांना समोरासमोर बसवून वादातली सगळी नाणी पिवळ्या दिव्याखाली पुन्हा तपासायला लावली. बहुतेक ठिकाणी तिचं खरं निघालं. सगळीकडे नाही. एका डॉलरवर, बाईच्या कानाखाली, तिच्या नजरेतून सुटलेली खोक त्याने दाखवली. तिने भिंगातून तीनदा बघितलं आणि अतिशय नाखुशीने एक गुण कमी केला. तो हसला नाही, हे त्याचं नशीब. त्या तांबूस डॉलरला मात्र त्याने न विचारता सहासष्ट दिले. शेवटी खुर्ची तिला मिळाली, आणि रीतसर मिळाली.

शेवटचं नाणं डबीत गेलं तेव्हा बाहेर संध्याकाळ झाली होती. ट्रे आवरायला ती पुढे वाकली आणि दिव्याचा उजेड तिच्या गालावर पडला. लहानपणी झोपाळ्यावरून पडल्याची एक बारीक खूण तिथे होती. त्याची नजर तिथे थांबलेली तिने पकडली.

'काय बघताय?'

'काही नाही.'

'सवयच आहे तुमची. सांगा ना, किती? एक गुण कमीच असेल.'

त्याने हातातलं भिंग टेबलावर ठेवलं. दिवा हलकेच बाजूला वळवला.

'मला नाही तपासता येणार,' तो म्हणाला. 'नियम आहे.'

तिला नियम कळायला वेळ लागला नाही. आपल्या माणसाचं आपण तपासायचं नाही.

'कधीपासून?'

'तुमच्या पर्सवर बसलो… तेव्हापासून.'

'आणि आत्ता सांगताय? इतके दिवस माझ्याशी भांडत बसलात?'

'भांडत तुम्ही होतात.'

हेही खरं होतं, आणि म्हणून जास्तच चीड आणणारं. तिने ट्रे उगाच दोनदा सरळ केला. गाल तापले होते. दिवा बाजूला वळवलेला होता ते बरं झालं.

'मग यापुढे तुम्ही तपासलेल्या नाण्यांचा निकाल बाहेरच्या कोणाला तरी बोलावून घ्यावा लागेल,' ती रागानेच म्हणाली. 'मलाही ते जमणार नाही.'

'का?'

'नियम सगळ्यांना सारखाच असतो.'

तो उभा होता, आता बसायला निघाला. मध्येच थांबला. वाकून खुर्चीवर काय आहे ते नीट बघितलं, तिची पर्स उचलली आणि या वेळी खांबाला नाही, तिच्याच हातात दिली. द्यायला त्याने जरा जास्त वेळ लावला. तिने घ्यायलाही.