जास्तीची वायर

"सोडा."

"तुम्ही सोडा. माझा हात आधी लागला होता."

दुकानाच्या मधल्या फळीवर तो शेवटचा बॉक्स होता, आठ पोर्टचा, म्हणजे वायरी लावायच्या आठ जागांचा, नेटवर्क स्विच. त्याच्या एका टोकाला माझी बोटं, दुसऱ्या टोकाला त्या उंच, सावळ्या मुलाची. दुकानदाराने चष्म्यावरून आम्हा दोघांकडे पाहिलं, नवा माल सोमवारी येईल, तोवर आपसात मिटवा असं सांगितलं आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

सोमवार माझ्या काय कामाचा? आमचा सामना रविवारी होता. संगणकावरच्या लढाईच्या खेळाची उपांत्य फेरी, पाच जणांचा संघ, त्यात माझा दादाही, आणि कॅप्टन मी. आयोजकांची अट अशी की संघाचे पाचही जण एकाच खोलीत, कॅमेऱ्यासमोर बसले पाहिजेत. आमच्या घरच्या राउटरला वायर लावायला जागा तीनच, आणि वायफायवर पाच जण खेळायला लागले की पडद्यावरची माणसं उचकी लागल्यासारखी अडखळायची. हा बॉक्स मिळाला तरच पाचही मशीन वायरवर चालणार होती.

आणि सामना नुसता सामना नव्हता. अंतिम फेरी बघायला मोठ्या संघांची माणसं येणार होती, पगारी खेळाडू निवडायला. मी बाबांना शब्द दिला होता... अंतिम फेरीत खेळले नाही, तर खेळाचं खूळ डोक्यातून काढीन आणि मुकाट्याने मामाच्या ऑफिसात जाऊन बसेन. हा शब्द मी भांडणाच्या भरात दिला होता. नंतर तो मागे घ्यायला जीभ रेटेना.

त्या मुलाने माझ्या चेहऱ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग बोटं सैल केली.

"घ्या. तुम्हाला जास्त गरज दिसतेय."

"कशावरून?"

"नाक लाल झालंय तुमचं."

मला राग यायला हवा होता, पण हसू आलं. तो एका हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात कामाला होता. तिथला जुना स्विच दोन दिवसांपुरता मागून आणतो म्हणाला, पण रविवारी संध्याकाळी हा बॉक्स मला द्या, अशी अट घातली. मी कबूल केलं. कशासाठी हवाय, असं त्याने विचारलं तेव्हा मी घरगुती काम आहे म्हटलं. मुलगी खेळते म्हटलं की लोक एक विशिष्ट हसू हसतात, ते मला त्याच्या तोंडावर बघायचं नव्हतं. माझंही घरगुतीच, असं तोही म्हणाला.

मग त्याचं लक्ष माझ्या दुसऱ्या हातातल्या वायरच्या भेंडोळ्याकडे गेलं. ह्याला प्लग कोण बसवणार? मी म्हटलं, माझा दादा. येतं का त्याला? दादाने मागे एकदा साधा बल्ब बदलताना अख्ख्या मजल्याचे दिवे घालवले होते. मी भेंडोळं पाठीमागे लपवलं. शनिवारी सुट्टी आहे, म्हणाला तो... येऊ का? आणि दुकानदार आतूनच ओरडला, बोलवा बिनधास्त, माझ्या दुकानाची सगळी जोडणी यानेच केलीय. मी त्याला पत्ता दिला, त्याचा नंबर घेतला.

शनिवारी तो आला तेव्हा बाबा पडद्यांच्या घड्या सारख्या करत होते. आमच्या बाबांचा हा एक आजारच आहे. चपला रांगेत हव्या, कपांचे कान एका दिशेला हवे, आणि काही लोंबकळताना दिसलं की त्यांना चैन पडत नाही. बैठकीच्या खोलीत पसरलेल्या वायरी बघून ते जे आत गेले ते बाहेरच आले नाहीत.

तो जमिनीवर मांडी घालून बसला. वायरचं वरचं आवरण सोलून आतल्या आठ बारीक तारा मोकळ्या केल्या. लांब, शांत बोटं होती त्याची. तारा एका रांगेत धरायला त्याला तिसरा हात हवा होता, म्हणून मी समोर बसले.

"नारिंगी पट्टेवाली आधी. मग नारिंगी. मग हिरवी पट्टेवाली... मग निळी."

"हिरवीनंतर हिरवी का नाही?"

"ती निळ्यांनंतर येते. मध्ये निळी जोडी बसते."

"म्हणजे हिरव्या जोडीची ताटातूट."

"एकाच प्लगमध्ये असतात हो शेवटी." त्याने मान वर केली. "हलू नका... तुमच्या हलण्याने माझी निळी सटकते."

मी हललेच नव्हते. त्याचाच हात हलला होता. प्लग माझ्या चिमटीत, त्यावर त्याची पक्कड, आणि ती दाबताना त्याची करंगळी माझ्या मनगटाला टेकलेली. प्रत्येक प्लगला ती तिथेच टेकली. पाच वायरी, दहा प्लग... मला वाटलं, आमच्या संघात अकरा जण का नाहीत?

मशीन आधीच मांडली होती. सगळी जोडून झाल्यावर स्विचचे हिरवे दिवे लागले. आता खेळ चालवूनच बघावा लागणार होता, म्हणून मला घरगुती कामाचं खरं नाव सांगावं लागलं. तो विशिष्ट हसू हसला नाही. मीही खेळतो थोडं, एवढंच म्हणाला आणि दादाच्या मशीनसमोर बसला. खेळातल्या एका बंद दारापाशी त्याचा सैनिक थांबला. आत शिरण्याआधी त्याने सुरीने भिंतीवर दोनदा ठोकलं. टक, टक.



असं भिंतीवर ठोकणारा माणूस मी एकच पाहिला होता. 'निवांत'. उद्याच्या आमच्या विरोधी संघाचा कॅप्टन. खेळातल्या या नावापलीकडे त्याच्याबद्दल मला काही माहीत नव्हतं. सरावाच्या सामन्यांत त्याने आम्हाला दोनदा लोळवलं होतं, आणि दोन्ही वेळा नंतर 'दमलात का?' असं लिहून पाठवलं होतं. मी त्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या होत्या की त्याला उचक्यांनी झोप लागली नसेल.

तो उठून माझ्या मशीनपाशी गेला. पडद्यावर माझं खेळातलं नाव होतं, 'मिरची'. त्याने ते वाचलं. आणि मी त्याला वाचताना पाहिलं.

तो खाली वाकून उगाचच वायरी चाचपत राहिला. मग एक जास्तीची वायर काढून तिचं एक टोक त्याने स्विचमध्ये लावलं आणि दुसरं तसंच मोकळं सोडलं.

"सामन्यात कोणाची वायर गेली तर हे टोक त्याच्या मशीनला लावा. नाहीतर... तिला हात लावू नका."

आईने चहा केला होता, तो न घेताच तो निघाला. चपला घातल्या आणि सरळ जिना उतरला.

दादाला सांगितलं तेव्हा त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. शत्रूला घरात बोलावून त्याच्या हाताने वायरी टाकून घेतल्या, आता तो उद्या ऐन वेळी केसाने गळा कापणार, उपट सगळं, असं त्याचं म्हणणं. उपटून पुन्हा बसवणार कोण, मी विचारलं. वायरी जोडणाऱ्या त्या करंगळीवर विश्वास ठेवावा की निवांतवर संशय घ्यावा, आणि माणूस तर एकच, या विचाराने मी पार सैरभैर झाले.

रविवारी दुपारी कॅमेरा सुरू झाला. पहिला डाव त्यांनी जिंकला, दुसरा आम्ही. तिसऱ्यात सगळा निकाल लागणार होता. बाबा पाण्याचा तांब्या घेऊन आले, आमच्या मागे थोडा वेळ उभे राहिले आणि गेले, एवढं मला अंधुक कळलं. त्यानंतर लगेच माझ्या पडद्यावरचा सैनिक पाय उचललेला तसाच थिजला.

"माझं गेलं," दादा म्हणाला. माझंही, माझंही... पाचही जणांचं गेलं होतं. मोबाइलच्या नेटवर चालणाऱ्या कॅमेऱ्यातून पंचांचा आवाज आला, दहा मिनिटं आहेत, त्यात परत आला नाहीत तर सामना समोरच्यांना. नियमाप्रमाणे अडचणीतल्या संघाने मदतीसाठी फोन करायला हरकत नव्हती. समोरच्यांनी मात्र हात टेबलावर ठेवून बसून राहायचं होतं.

आम्ही राउटर बंद करून सुरू केला. वायरी काढून घातल्या. काही फरक पडेना. उपट म्हणालो होतो ना, दादा म्हणाला. डोळ्यांसमोर मामाचं ऑफिस आलं आणि माझं डोकं फिरलं. मी फोन उचलला आणि त्यालाच लावला.

त्याने पहिल्या घंटेला उचलला.

"तू केलंस," मी म्हटलं. पहिल्यांदाच तू म्हटलं, ते असं. "जिंकायचं होतं तर खेळून जिंकायचं. माझ्या घरात बसून, माझ्या हातात हात..."

पलीकडे त्याचे मित्र ओरडत होते, ठेव तो फोन, वेडा झालास का? तो मात्र अगदी हळू बोलला.

"ओरड नंतर. स्विचचे दिवे कसे आहेत?"

"सगळे एकदम लुकलुकतायत. वेड्यासारखे."

"जास्तीच्या वायरचं मोकळं टोक कुठे आहे?"

मी वाकले. मोकळं टोक कुठेच नव्हतं. वायर छान गुंडाळलेली होती, आणि तिचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये, शेजारच्या रिकाम्या पोर्टमध्ये नीट बसवलेलं होतं. एवढी टापटीप आमच्या घरात एकाच माणसाची.

"दोन्ही टोकं एकाच बॉक्सात गेली की सगळे निरोप आतल्या आत गरगर फिरत राहतात," तो म्हणाला. "बाहेर काही जातच नाही. एक टोक काढ."

मी टोक उपसलं. दिवे एकेक करत शांत झाले. पाचही पडदे जिवंत झाले. मी आभार मानायला फोन कानाला लावला, तोवर तो बंद झाला होता.

मग पडद्यावर पंचांची सूचना उमटली. निवांत बाद. कारण, सामना सुरू असताना फोन.

मी ती ओळ दोनदा वाचली. कॅमेरा त्याच्यावर होता. नियम त्याला पाठ होता. दहा मिनिटं हात टेबलावर ठेवून गप्प बसला असता तर तो जिंकला होता.

डाव सुरू झाला. ते चार, आम्ही पाच. संघातले सगळे खूश होऊन पुढे सरसावले. मी माझा सैनिक एका बंद दारापाशी नेला, सुरीने भिंतीवर दोनदा ठोकलं आणि कीबोर्डवरून हात काढून घेतले.

"मिरची, काय करतेस?" दादा पडद्यावरून नजर न हलवता म्हणाला.

"चार विरुद्ध चार."

"मामाचं ऑफिस आठवतंय ना?"

"आठवतंय."

तो जीव तोडून खेळला. शेवटी त्यांचा एकच सैनिक उरला होता, पण आम्ही हरलो. बाबा दाराच्या चौकटीत उभे होते, त्यांना सगळं कळलं होतं. माझ्यामुळे का ग, असं त्यांनी इतकं हळू विचारलं की मला त्यांच्यावर रागावताच येईना. मी म्हटलं, तुम्ही वायर लावलीत बाबा, पुढचं मी केलं. आणि मग बाथरूमचं दार लावून पोटभर रडले.

संध्याकाळी दाराची बेल वाजली. तो होता.

"बॉक्स न्यायला आलोय."

"जिंकलात," मी म्हटलं. "अभिनंदन."

"ते चौघं जिंकले. मला अंतिम फेरीलाही बंदी आहे." तो चौकटीला टेकला. "फोन उचलायला नको होता, नाही?"

"मग का उचललास?"

"परवापासून वाट बघत होतो, वायरचं काम सोडून तुझा एखादा फोन यावा म्हणून. आला तो असा." तो हसला, पण डोळे हसत नव्हते. "तुला वाटलं मी केलं. त्याचं फार लागलं... आणि तरी ठेवता आला नाही."

"काल तू चहा न घेता गेलास, तेव्हापासून मला घास गिळवत नाहीये. मला वाटलं सामन्याची धास्ती आहे. ती नव्हतीच. मला तू आवडतोस. आणि तूच निवांत निघालास म्हणून मी जास्त ओरडले."

त्याचं नाक लाल झालं होतं. मी ते त्याला सांगितलंसुद्धा.

"मला दोन गोष्टी सांगायच्या होत्या," तो शेवटी म्हणाला. "एक तूच सांगून टाकलीस. दुसरी... आमची पाचवी जागा रिकामी आहे. बदली खेळाडू हरलेल्या संघातला चालतो, पंचांना विचारलंय. आणि हे माझ्या डोक्यातलं नाही. त्या चौघांनी तुला दारापाशी उभं राहिलेलं पाहिलं. हीच हवी म्हणाले."

मागे कोणीतरी खाकरलं. बाबा होते. हातात दुकानातलाच डबा, त्यात स्विच भरलेला, वर जास्तीची वायर, दोऱ्याने बांधलेली. मामाला मी स्वतः फोन करून कळवतो, ती अंतिम फेरीत खेळणार आहे म्हणून, असं ते माझ्याकडे न बघता म्हणाले. मग त्याच्याकडे वळून त्यांनी गंभीरपणे सांगितलं, दोन्ही टोकं मोकळी आहेत, मी कुठेही खुपसलेली नाहीत.

ते गेल्यावर मी डबा पुढे केला. त्याने दुसऱ्या टोकाला धरला. त्याची करंगळी माझ्या मनगटाला टेकली, आणि या वेळी दोघांपैकी कोणीच सोडा म्हटलं नाही. आतून आईने हाक मारली, आता तरी चहा घेऊन जा म्हणावं.