माझ्या डाव्या डोळ्यात बघ

तो दुकानात आला तेव्हा चष्म्याचे दोन तुकडे त्याच्या दोन हातांत होते. "बॉल अडवला," तो ताईला म्हणाला, "पण तोंडाने." त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचं नाव गोलकीपर पडलं.

आमचं चष्म्याचं दुकान. काउंटरवर ताई, पडद्यामागे काचा घासायला बाबा, आणि कॉलेज सुटल्यावर मी. ताई हसली की गिऱ्हाईक किंमत विचारायचं विसरायचं. माझा चष्मा एवढा जाड, की त्यामागे डोळे मण्यांएवढे दिसायचे. दुकानात येणारा प्रत्येक मुलगा ताईसाठी येतो, हे मी कधीच मान्य करून टाकलं होतं. पण त्याची नजर ताईवरून निघाली, पडद्यापाशी उभ्या असलेल्या माझ्यापर्यंत आली आणि... तिथेच थांबली. चष्म्याशिवाय त्याला काय दिसलं, देव जाणे.

तेवढ्यात ताईचा फोन वाजला आणि माप घ्यायचं काम माझ्यावर आलं. त्या कामात लपायला जागा नसते. समोरासमोर बसायचं, त्याच्या नाकावर पट्टी धरायची, दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचं. तेवढा वेळ त्याने आपल्या डोळ्यांत बघायचं. मी माझा चष्मा काढून खिशात टाकला.

"माझ्या डाव्या डोळ्यात बघ," मी म्हणाले.

"बघतोय. एवढ्या जवळून मला चष्म्याशिवायही दिसतं."

मला मात्र पट्टीवरचे आकडे दिसेनात. मी अंदाजाने ठोकून दिलं — "चौसष्ट."

नवा चष्मा नेल्यावर आठवड्याने त्याचा फोन आला, डोकं ठणकतंय, संध्याकाळी येतो. तो आला तशी मी पुन्हा चष्मा लपवला. बाबांनी काचा तपासल्या. "काचांचे मध्य डोळ्यांसमोर येतच नाहीत. माप कोणी घेतलं?"

मी खिशातला चष्मा मुठीत घट्ट धरला.

"मी," ताई म्हणाली.

बाबा तिला सगळ्यांसमोर बोलले आणि तणतणत बाहेर गेले. ती मान खाली घालून उभी होती. आज तिने ठेवणीतला निळा ड्रेस घातला होता. कोणासाठी, ते मला तेव्हा कळलं.

ताईने पट्टी उचलली. "बस, पुन्हा माप घेते."

"तिला घेऊ दे ना," तो हळूच म्हणाला. "डोकं दुखलं तरी चालेल."

ताईने पट्टी काउंटरवर ठेवली. मग माझ्याजवळ येऊन तिने माझ्या खिशातला चष्मा काढला, निळ्या बाहीने पुसला आणि माझ्या नाकावर चढवला. "तू यात वाईट दिसत नाहीस गं," ती कानात म्हणाली. "कधीच दिसली नाहीस." आणि पडद्याआड गेली.

मी पट्टी धरली. इतक्या जवळून पहिल्यांदाच तो मला स्पष्ट दिसला — भुवईवरचा ओरखडा, थरथरणारी पापणी. माझ्याइतकाच घाबरलेला.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "जाड काचांसकट."

"हलू नकोस..." मी म्हणाले. "मलाही."

एकसष्ट. मी आकडा दोनदा वाचला. तेवढ्यात आत काच घासायचं मशीन सुरू झालं. त्या दिवशी घासायला एकही काच उरली नव्हती.

"जरा थांबशील?" त्याला सांगून मी आत गेले. ताई रिकाम्या मशीनसमोर पाठमोरी बसली होती. मी तिला मागून घट्ट मिठी मारली.

"माप नीट आलं?" तिने विचारलं.

मी तिच्या पाठीवर गाल टेकून उभी राहिले, आणि मशीन तसंच चालू ठेवलं, तिला हवं तेवढा वेळ.