पाणपोईवरचं उघडं कुलूप

"हे कुलूप देवानं उघडलं की माणसानं, एवढंच मला सांगा," तलअत खानम म्हणाल्या. "माणसानं उघडलं असेल, तर उद्या मी दवाखान्यात जाणार नाही."

फरामर्ज आगांनी कुलूप हातात घेतलं. इस्फहानात खाजगी तपास करून पोट भरणाऱ्या या गृहस्थांना वेड एकच, कुलपांचं. किल्लीशिवाय कुलपं उघडत बसणं हा त्यांचा सुट्टीचा उद्योग. सोबत मेहुणे नादेर होते. त्यांना घरचं कुलूप किल्लीनंही धड उघडत नसे.

डॉक्टरांनी खानमना बजावलं होतं, डोळ्यांची शस्त्रक्रिया लांबवली तर दिसणंच बंद होईल. खानमनी तर गल्लीतल्या पाणपोईच्या जाळीला नवसाचं कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकली होती. ते आपोआप उघडेपर्यंत शस्त्रक्रिया नाही, असा त्यांचा हट्ट. आज सकाळी पाणपोईवाल्या मश रजबला कुलूप उघडं दिसलं. तासाभरापूर्वी तो ते घेऊन धावत आला होता.

खानमचे यजमान अर्सलान आगा वाट्या घेऊन आले. नवस फळला की गल्लीभर वाटायची शोले-जर्द, म्हणजे तांदळाची केशरी खीर. गार, घट्ट जमलेली, वर दालचिनीची नक्षी.

"वा! कुणी केली?" नादेरनी विचारलं.

"यांनीच," खानम म्हणाल्या. "मला चूल कुठे दिसतेय आता?"

"अंगठ्याच्या पट्टीवर रक्ताची रेघ कसली?" फरामर्जनी विचारलं.

"केशर कुटताना लागलं," एवढंच बोलून अर्सलान आगा आत गेले.

मग मश रजबला बोलावलं. "मी पाणी भरतो, आगा. लोकांच्या नवसाला हात लावून पाप कशाला घेऊ?"

तिथेच बसलेला खानमचा भाऊ कियुमर्स मात्र नादिष्ट कुलूपवाला. दर शुक्रवारी त्याच्याकडे हौशी लोक जमून कुलपं उघडत. फरामर्जनी तेच कुलूप दाबून बंद केलं आणि त्याच्यापुढे धरलं. कियुमर्सनं खिशातून दोन बारीक तारा काढल्या. नादेरची वाटी संपायच्या आत कुलूप उघडलं, नवा ओरखडाही न उमटता.

"चोर सापडला," नादेर कुजबुजले.

"नाही. शुक्रवारी नवीन कोण येतं, कियुमर्स?"

"आमच्यात नावं सांगत नाहीत," म्हणत त्यानं मान फिरवली.

नादेरनी फरामर्जची बाही ओढली. "अहो, देवानं उघडलं म्हणा ना. बाईंचे डोळे वाचतील."

"बाईंना आधीच शंका आहे. उद्या शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपताना तरी ती नको." फरामर्ज खानमकडे वळले. "माणसानं उघडलं. किल्लीच्या भोकाभोवती ताजे ओरखडे आहेत, म्हणजे हात शिकाऊ. कियुमर्सचे नव्हेत, ते आपण आत्ताच पाहिलं. केशर कुटताना अंगठा ठेचला जाईल, कापला जाणार नाही; तार निसटली की कापतो. आणि खीर. तिचे तांदूळ रात्रभर भिजत घालतात. बातमी तासाभरापूर्वीची, खीर मात्र शिजून, निवून, जमून तयार. कुलूप उघडलंय हे या घरात एकाला कालच माहीत होतं."

अर्सलान आगा दारात उभे होते.

"चार महिने शिकतोय," ते म्हणाले. "कियुमर्स हसायचा माझ्यावर. पहिल्यांदा कुलूप उघडलं तेव्हा मी लहान पोरासारखा नाचलो, विचार त्याला. तू आंधळी झालेली मला बघवणार नव्हतं, तलअत. रागव हवं तर, पण उद्या चल."

खानमना रडू फुटलं आणि त्यातच हसूही आलं.

"नवस डोळ्यांसाठी होता, असं कुणी सांगितलं तुम्हा लोकांना? मुलगा परदेशी गेला आणि हा माणूस मुका झाला. दिवसभर भिंतीकडे बघत बसायचा. याचं मन कशात तरी लागू दे, पुन्हा माझ्याशी बोलू दे, एवढंच मागितलं होतं मी. ते होणार नसेल, तर डोळे घेऊन काय करू?"

चाचपडत त्यांनी नवऱ्याचा पट्टी बांधलेला हात शोधला आणि डोळ्यांना लावला. "देवा, तुझे फार उपकार झाले," त्या पुटपुटल्या. "उद्या किती वाजता निघायचं?"

"सातला," अर्सलान आगा म्हणाले आणि मग रस्ता, गाडी, डॉक्टर, उशी कुठली घ्यायची, असं कितीतरी बोलत राहिले.